धड्यातला मुलगा

हनुवटी खाचेत टेकवा, कपाळ पट्टीला लावा आणि समोर फुगा दिसेल त्याच्याकडे बघत राहा, असं चष्म्याच्या दुकानातल्या डोळे तपासणाऱ्या मुलीनं सांगितलं आणि सर बघत राहिले. यंत्राच्या आत एक सरळसोट रस्ता होता, दोन्ही बाजूंना हिरवं काहीतरी, आणि रस्ता संपत होता तिथे आकाशात रंगीत फुगा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फुगा धूसर व्हायचा, पुन्हा नीट व्हायचा. ‘हलू नका हं,’ मुलगी म्हणाली, आणि मग तिचा आवाज बदलला. सर जी परकी भाषा विद्यापीठात उभा जन्म शिकवत आले होते त्या भाषेत, एकेक शब्द चाचपत तिनं विचारलं, ‘सर, तुमचा मुलगा कसा आहे?’ सरांनी फुग्यावरची नजर न हलवता, डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो तशा बिनडोक तत्परतेनं त्याच भाषेत उत्तर दिलं, ‘आभारी आहे. तो छान आहे. तो आठ वर्षांचा आहे.’

मुलगी खळखळून हसली. ‘अजून आठच?’ ती मराठीवर आली. ‘ओळखलं नाहीत ना सर? मी तुमच्याच वर्गात होते. पहिल्या वर्षानंतर सोडलं आणि इकडे डोळ्यांकडे आले. भाषा सगळी विसरले, पण मुलगा लक्षात आहे.’ मग मागे भिंतीलगतच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंना ती सांगू लागली, ‘अख्ख्या वर्गाचा लाडका होता तो. सातला उठतो, दूध पितो, मांजरं आवडतात, कुत्र्यांना घाबरतो. आता चांगला बाप्या झाला असेल की! तुम्ही सरांच्या कोण?’

‘बायको,’ बायको म्हणाली.

सरांचं डोकं यंत्रात होतं, त्यामुळे त्यांना फक्त फुगा दिसत होता. ‘अय्या, सॉरी हं,’ मुलीचा आवाज एकदम मऊ झाला. ‘म्हणजे, मला फार बरं वाटलं ऐकून. आम्हा मुलींना इतकं वाईट वाटायचं, सर एकटे, त्यात एवढंसं पोर, स्वयंपाकसुद्धा स्वतःच करायचे. बरं केलंत सर. खरंच बरं केलंत. आता दुसरा डोळा.’ सरांनी दुसरा डोळा लावला. त्यालाही तोच रस्ता दिसला. मग फ्रेम निवडायची होती. बायकोनं दोन-तीन सरांच्या नाकावर ठेवून पाहिल्या. एका फ्रेमला म्हणाली, ‘ही नको, हिच्यात बिचारा दिसतोस.’ एवढंच. दुकानातून बाहेर पडताना मुलीनं तिचा हात हातात घेतला आणि ‘त्याला माझा पापा द्या’ म्हणाली. बायकोनं ‘देईन’ म्हटलं.

सरांना मुलगा नव्हता. मुलगीही नव्हती. बायको ही एकच होती, पहिली आणि आजवरची, आणि ती या क्षणी बसथांब्याकडे त्यांच्या दोन पावलं पुढे चालत होती. दोन पावलं पुढे ती नेहमीच चालायची, त्यामुळे त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. बसमध्ये खिडकीची जागा तिला मिळाली. सर शेजारी बसले आणि आपण काय बोलावं याची जुळवाजुळव करू लागले. जुळवाजुळव करायला त्यांना कधी वेळ लागत नसे. दीड तासाचं व्याख्यान ते जिना चढता चढता जुळवायचे. पण आता पहिलंच वाक्य हाती लागेना, कारण कुठल्याही वाक्याच्या सुरुवातीला ‘अगं, ते तसं नाही’ आलं असतं आणि ते तसंच होतं.

ते मुळात एका पद्धतीतून आलं होतं. सरांची पद्धत विभागात प्रसिद्ध होती. बाहेरगावचे अध्यापक ती बघायला यायचे, चहा पिऊन, मान डोलावून परत जायचे आणि पुन्हा पुस्तकातल्या तक्त्यांकडे वळायचे. पहिल्या दिवशी सर वर्गाला सांगत की छत्री जशी दाराबाहेर ठेवता तसं स्वतःचं आयुष्य बाहेर ठेवून आत या. इथे तुम्ही कोणीतरी दुसरे. कोणी पाव भाजणारा व्हा, कोणी वैमानिक, कोणी चोर झालात तरी चालेल, चोरालाही वेळ विचारावी लागते. याला कारण होतं. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी एका मुलीला निष्पापपणे विचारलं होतं, तुझे वडील काय करतात. वडील घर सोडून गेले होते. तेवढं सांगायला लागणारे शब्द त्या पोरीकडे नव्हते, ‘माझे वडील’ इथवर येऊन ती अडकली आणि रडायला लागली. त्या दिवशी सरांच्या लक्षात आलं की खरं आयुष्य नवशिक्याला परवडत नाही. त्याला फार शब्द लागतात. थोडक्या शब्दांत मावेल असं आयुष्य द्यायचं, त्यात तोंड उघडायला शिकवायचं, मग पुढचं पुढे. नियम विद्यार्थ्यांना तोच मास्तरांना, नाहीतर ती दादागिरी झाली, फक्त हे वर्गाला वेगळं सांगायचं राहून जायचं. म्हणून तिसऱ्या धड्याला, कुटुंबाच्या धड्याला, वर्गानं सरांना विचारलं, तुमच्या घरी कोण कोण आहे, तेव्हा सरांनाही काहीतरी घ्यावं लागलं. शेजारचा वर्ग शिकवणाऱ्या बाईंनी धड्यापुरता पोपट पाळला होता. सरांनी आदल्या दिवशी एक भाऊ ठरवून ठेवला होता, डॉक्टर, अविवाहित. पण वर्गात उभं राहून तोंड उघडलं आणि तोंडातून ‘मला एक मुलगा आहे’ असं बाहेर पडलं. भाऊ तिथल्या तिथे गेला, त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

आणि बायको? पहिल्या बाकावरच्या एकानं लगेच विचारलं होतं. बायको कानांची तपासनीस होती. इस्पितळातल्या एका गादी लावलेल्या बंद खोलीत माणसांना बसवून, काचेच्या अलीकडून बारीक बारीक आवाज सोडून, कोणाला किती ऐकू येतं ते ती बघायची. हे सगळं त्या परक्या भाषेत सांगायला तिसऱ्या वर्षाची तयारी लागली असती. ‘ती कामावर जाते’ हेसुद्धा पाचव्या धड्यात. तिसऱ्या धड्यापर्यंत वर्गाला येणाऱ्या शब्दांत बायकोबद्दल बोलण्यासारखं एकच वाक्य तयार होत होतं. ‘ती नाही.’ सर म्हणाले, ‘ती नाही.’ घरी नाही, एवढंच त्यांना म्हणायचं असावं. पण वर्ग असा गप्प झाला की बस. इतकी वर्षं व्याख्यानं देऊन, दिग्गजांच्या कविता वाचून जी शांतता सरांना कधी मिळाली नव्हती ती दोन शब्दांत मिळाली. मग एक मुलगी हळूच म्हणाली, ‘स्वयंपाक कोण करतं?’ प्रश्न अगदी बिनचूक होता. सर म्हणाले, ‘मी करतो.’ त्या दिवशी त्या वर्गातलं प्रत्येक पोर बोललं, मुकी पोरंसुद्धा बोलली. आणि जे वर्गात चालतं ते मास्तर सोडत नाही. पुढच्या वर्षी सरांनी ते पुन्हा केलं, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. दर वर्षी पावसाळी सत्रात, तिसऱ्या धड्याला, बायको नियमानं वारायची आणि संध्याकाळी सर घरी आले की दार उघडायची.

बसमध्ये कोणीतरी मोबाईलवर मोठ्यानं बोलत होतं, पावतीवरून काही वाद होता. बायको खिडकीबाहेर बघत होती. ती रागावली की उजव्या अंगठ्याच्या नखानं पर्सच्या चेनशी खेळायची. आता खेळत नव्हती. सरांना वाटलं, दर बॅचला त्या पोराचं काय काय झालं ते हिला सांगितलं तर हिला हसू येईल. एका वर्षी आजाराच्या धड्यात त्याला ताप आला, वर्गानं जमेल त्या शब्दांत औषधं सुचवली, एकानं घोड्याचं औषध सुचवलं. एका वर्षी रस्ता विचारण्याच्या धड्यात तो बाजारात हरवला. ती पोरांचीच कल्पना, सरांच्या ध्यानीमनी नव्हतं. तास संपायची घंटा झाली तरी तो सापडला नव्हता, पोरं दप्तरं उचलून हसत निघून गेली आणि सर घरी येऊन जेवले नाहीत. पित्त झालंय म्हणाले. बायकोनं लिंबू-पाणी करून दिलं. दुसऱ्या दिवशी तो टपाल कार्यालयामागे सापडला, उजवीकडे वळून मग सरळ. सुट्टीत तो कुठेच नसायचा. सर सुट्टीला कंटाळायचे, लोक म्हणायचे काय हाडाचा शिक्षक आहे. दुसऱ्या वर्षाला पोरं पुढे सरकायची, त्यांना काल आणि उद्या बोलता यायचं, मग त्यांचं त्या पोरावाचून अडायचं नाही, तो मागेच राहायचा, नव्या पोरांच्या वाट्याला यायचा, पुन्हा आठ वर्षांचा. तिसऱ्या वर्षाला साहित्य. तिथे सर खिडकीपाशी उभे राहून सांगायचे की हे खरं घडलं का, हा पोलिसांचा प्रश्न आहे. आपण एवढंच बघायचं, उभं राहिलं का. पोरं लिहून घ्यायची. गेल्या वर्षी एका आगाऊ मुलीनं विचारलं होतं, ‘पण सर, लेखक परस्पर असं कोणालाही मारू शकतो? कोणाला न विचारता?’ सर म्हणाले होते, ‘विचारणार कोणाला?’ वर्ग हसला होता. सरांनाही आपलं उत्तर आवडलं होतं.

आणि घरी ते कधीच काही बोलले नव्हते. मूल होत नव्हतं तेव्हा डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, दोघांच्याही, दोष कोणात विशेष निघाला नाही, तो निघाला असता तर निदान बोलायला काही मिळालं असतं. मग एका संध्याकाळी सरच म्हणाले होते, ‘आता हा विषय बंद करू या का? नसलेल्या गोष्टीवर माणसानं किती बोलायचं.’ बायको ‘बरं’ म्हणाली होती. आणि ती शब्दाला अशी पक्की की तिनं तो खरोखरच बंद केला. कपाटाच्या वरच्या कप्प्यात काही लहान कपडे होते, ते कधी गेले सरांना कळलंही नाही. बारशांना ती एकटी जाऊन यायची, आल्यावर फक्त जेवण कसं होतं ते सांगायची. जाऊबाई म्हणायच्या, ‘तुमचं बाई बरंय, सुटसुटीत,’ आणि ती ‘हो ना’ म्हणायची, असं की जाऊबाईंनाच पुढे बोलायला सुचू नये. इस्पितळातल्या गमती मात्र सांगायची. म्हणायची, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं, पण काही माणसं आवाज नसतानाच दाबतात. मी काहीच सोडलेलं नसतं आणि हे आपले दाबतायत. खोटं बोलत नाहीत रे, त्यांना खरंच वाटतं ऐकू आलं. सर हसायचे.

घरी आल्यावर तिनं चहा टाकला. सरांनी कप काढले. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, खिडकीतून अजून उजेड येत होता, आणि समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी झटकत होतं.

‘नाव काय त्याचं?’ बायकोनं विचारलं.

सरांनी अख्ख्या बसप्रवासात वेगवेगळ्या प्रश्नांची तयारी केली होती, हा त्यात नव्हता. ‘नाव असं नाही,’ ते म्हणाले. ‘माझा मुलगा, एवढंच. पहिल्या वर्षाला पुरतं तेवढं.’

‘इतकी वर्षं बिननावाचा ठेवलास?’

‘कोणी विचारलं नाही.’

‘शाळेत काय म्हणून हाक मारतात मग?’

‘शाळेत जातो एवढंच आहे. शाळेत गेल्यावर काय होतं ते धड्यात येत नाही.’

‘आणि रात्री? दचकून उठतो का?’

‘रात्र दुसऱ्या वर्षाला,’ सर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या कानावर पडलं.

बायको हसली. खरंच हसली, कप खाली ठेवून, तोंडावर हात घेऊन. सरांना वाटलं, आता निभावलं. त्यांनीही हसून घेतलं. ‘मी कशानं गेले?’ ती हसता हसता डोळे पुसत म्हणाली.

‘ते कधी ठरवलं नाही.’

‘म्हणजे कारणसुद्धा नाही. बसल्या जागी.’ ती पुन्हा हसली, पण या वेळी थोडंच. ‘तू घरात विषय बंद केलास. मला वाटलं, याला सोसत नाही, नको बोलायला. मी कोणापाशी बोलले नाही. आईपाशी नाही, बहिणीपाशी नाही. आणि तू तिकडे रोज अकरा वाजता खडू घेऊन तेच उघडत होतास. सत्तर पोरांपुढे.’

‘सत्तर नसतात,’ सर म्हणाले. ‘चाळीसच्या वर प्रवेश देत नाहीत.’

तिनं खिडकीबाहेर समोरच्या गच्चीकडे पाहिलं. चादरीवाली आत गेली होती. मग बायको म्हणाली, ‘मला शिकव.’

‘काय?’

‘ती भाषा. तिसऱ्या धड्यापर्यंत. कान चांगले आहेत माझे, जास्त वेळ नाही घेणार तुझा.’

सर तिच्याकडे बघत राहिले. लग्न झाल्यापासून कितीदा तरी त्यांनीच म्हटलं होतं, शीक की थोडी, आणि तिनं दर वेळी म्हटलं होतं, घरात एक पोपट पुरे. आता ती मागत होती. सरांना लाज वाटत होती, पण लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते इतकं पोरकट होतं की त्यांनी ते कोणापाशी कबूल केलं नसतं. हिला आत यायचंय. त्या वर्गात, तो जिथे असतो तिथे. ही आली तर त्याला एक नाव देईल. शाळेत कोणाशी भांडला ते विचारील. त्याला नववं लागेल. जे मराठीत दोघांना एकमेकांकडे बघून बोलता आलं नाही, ते कदाचित तिकडे, त्या थोडक्या शब्दांत बोलता येईल, त्यासाठीच तर ती पद्धत होती. नसलेला मुलगा तो नसलेलाच, पण तो दोघांचा झाला असता तर तेवढं तरी काही झालं असतं. ते खुर्चीत नीट बसले आणि त्यांनी पहिला धडा घेतला.

ती म्हणाली होती ते खरं होतं, तिचे कान विलक्षण होते. सर जे म्हणत ते ती जशाच्या तसं म्हणे, वर्गातली हुशार पोरंही ज्या आवाजावर सहा सहा महिने ठेचकाळतात तो तिनं दुसऱ्या खेपेला काढला. सर रंगले. त्यांनी नियम सांगितला, स्वतःचं आयुष्य बाहेर, इथे तू दुसरी कोणीतरी. ‘कोणीही?’ तिनं विचारलं. ‘कोणीही,’ सर म्हणाले. ती नदीकाठी राहणारी झाली, फुलं विकणारी. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, चहा आवडतो म्हणाली, कॉफी आवडत नाही म्हणाली. बाहेरचा उजेड उतरत होता आणि टेबलाशी बसलेली ही फुलं विकणारी बाई सरांना इतकी आवडली की त्यांना वाटलं, हे आपण पूर्वीच करायला हवं होतं. तिसरा धडा आला. सरांनी तिला दोन्ही उत्तरं शिकवली, आहे आणि नाही, एक आणि दोन, मुलगा आणि मुलगी. दोन्ही तिनं घोटून घेतली. आहेचं उत्तर म्हणताना तिचा आवाज जरा खाली आला असं सरांना वाटलं, आणि त्यांनी ते तिच्याकडून उगीचच आणखी एकदा म्हणवून घेतलं. मग त्यांनी वही मिटावी तसे दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्या भाषेत, परीक्षेला विचारतात तसं, विचारलं, ‘तुम्हाला मुलं आहेत का?’

त्यांचे ओठ तिच्या आधीच हलले होते. विद्यार्थी अडला की त्यांचे हलायचे तसे.

‘नाही,’ बायको म्हणाली. ‘मला मुलं नाहीत.’

सावकाश, सरांच्या डोळ्यांकडे बघत, एकही स्वर न चुकवता. त्या भाषेत ते वाक्य इतक्या चांगल्या उच्चारात सरांनी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग धड्यात उत्तर देणाऱ्यानं उलट विचारायचं असतं, तसं तिनं विचारलं, ‘आणि तुम्हाला?’

लागणारे सगळे शब्द सरांना येत होते. सोपे शब्द होते, मिनिटभरापूर्वी त्यांनीच शिकवले होते. ती वाट बघत होती. तिची वाट बघायची एक रीत होती, ती घाई करत नसे, माणसाला पुरता वेळ देत असे. सरांनी तोंड उघडलं. ‘मला एक मुलगा आहे,’ ते म्हणाले. आणि थांबता येईना म्हणून पुढचंही म्हणाले, ‘तो आठ वर्षांचा आहे.’

बायकोनं मान हलवली. कप उचलले, विसळले, पालथे घातले.

‘उद्या चौथा धडा घेऊ,’ सर घाईघाईनं म्हणाले. ‘तुझी गती चांगली आहे. खरेदीचा आहे, मजेचा असतो. फुलांचे भावसुद्धा सांगता येतील तुला.’

‘नको रे,’ ती पाठमोरीच म्हणाली. ‘मला लागत होती तेवढी आली.’